आरपीजी करायचाय, पण कुठल्या कन्सोलवर?

जुन्या कन्सोलसाठी स्वतःचा गेम करायचं मनावर घेतलेला माणूस कन्सोल निवडतो तो बहुधा लहानपणी खेळलेला. त्यात गैर काही नाही, सगळा हौसेचाच मामला आहे. पण उड्या मारायचा गेम वेगळा आणि आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन गोष्ट आणि लढाया खेळायचा गेम, वेगळा. आरपीजीत पडद्यावर हलणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात. वेळ खातात ते संवाद, मेन्यू, वस्तूंच्या याद्या, शत्रूंचे आकडे आणि सेव्ह. त्यामुळे प्रोसेसर किती वेगवान आणि रंग किती, हे प्रश्न इथे मागच्या बाकावर बसतात. आधी विचारायचं ते हे: चालू नकाशावर संवादाची चौकट किती सहज उघडते, मजकुराला जागा किती, प्रगती कुठे साठवायची, आणि सी भाषेत भागतं की असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा, शिकावीच लागते.

या कसोटीवर चार यंत्रं घासून बघू: एनईएस, गेम बॉय, मेगा ड्राइव्ह आणि सुपर निंटेंडो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सबद्दल शेवटी थोडं, कारण त्याला जुना म्हणायचं का यावरच भांडण होऊ शकतं.

एनईएस: एका चौकटीसाठी केवढा खटाटोप

जपानात हे फॅमिकॉम म्हणून १९८३ साली आलं. प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, १.७९ मेगाहर्ट्झचा, आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. दोन केबी ऐकून दचकायला होतं, पण आरपीजीला ती तितकीशी बोचत नाही. चार जणांचा चमू, प्रत्येकाला ६४ बाइट दिले तरी २५६ बाइटांत काम आटोपतं. उघडलेल्या पेट्यांची नोंद प्रत्येकी एका बिटाची, म्हणजे २५६ पेट्या ३२ बाइटांत. घोडं अडतं ते पडद्यापाशी.

एनईएसला पार्श्वभूमीचा थर एकच. गावातल्या म्हाताऱ्याशी बोलायला बटण दाबलं, की संवादाची चौकट नकाशाच्या टाइल, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनी तुकडे, पुसून त्यांच्याच जागी काढावी लागते. चौकट मिटली की खालचं गवत, रस्ता, विहीर मूळ डेटावरून पुन्हा मांडायचं. आणि हे लिहिणं वाट्टेल तेव्हा करता येत नाही. एक चित्र रंगवून झालं आणि पुढचं सुरू व्हायचं, यामधल्या व्हीब्लँक नावाच्या फटीतच ते उरकावं लागतं. साठ हर्ट्झच्या यंत्रावर ती फट प्रोसेसरच्या साधारण २,२७० सायकलींची, म्हणजे ठोक्यांची. त्यातल्या पाचशेहून थोड्या जास्त स्प्राइटांची, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची, यादी पोचवण्यात जातात. उरलेल्या वेळात साध्या लूपने सव्वाशेच्या आतच बाइट लिहून होतात. २८ टाइल रुंद आणि ८ टाइल उंच चौकट म्हणजे २२४ टाइल. एका फटीत ती मावत नाही, म्हणून ओळीओळीने उलगडायची. त्या काळच्या गेममध्ये चौकट तशी उलगडताना बघून मला वाटायचं, काय सुंदर कल्पना आहे!

वर रंगांचं त्रांगडं. पार्श्वभूमीला रंगांचे चार संच मिळतात, पण कुठला संच लागू व्हायचा हे टाइलगणिक नाही, १६ बाय १६ पिक्सेलच्या तुकड्यागणिक ठरतं. चौकटीची कड त्या तुकड्यांच्या रेषेवर बसली नाही तर शेजारच्या झाडाला अक्षरांचे रंग चढतात. मी पहिल्या प्रयत्नात चौकट एक टाइल डावीकडे सरकवली, केवळ दिसायला बरी म्हणून. निम्मं तळं राखाडी झालं आणि मी दोन संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोड बरोबरच होता.

कार्ट्रिजचा प्रकारही आधी ठरवावा लागतो. सर्वांत साध्या रचनेत प्रोग्रॅमला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी मिळतात. पाच हजार इंग्रजी शब्दांचे संवाद न दाबता ठेवले तर एकटेच तीसेक केबी खातात, म्हणजे आरपीजीला ही रचना बादच. मग मॅपर, म्हणजे मेमरीच्या बँका (भाग) आलटून-पालटून समोर आणणारी चिप आली. एमएमसी१ प्रकारच्या कार्ट्रिजवर बॅटरीच्या जोरावर टिकणारी ८ केबी मेमरीही बसते. १९८७च्या पहिल्या 'फायनल फँटसी'ने हीच वाट धरली होती.

बॅटरी नको असेल तर पासवर्ड. १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळणाऱ्याला २० अक्षरांचा मंत्र वहीत उतरवून ठेवावा लागे. ६४ अक्षरांतलं एक म्हणजे ६ बिट. २० अक्षरांचे झाले १२० बिट. सगळा प्रवास १५ बाइटांत! एकट्या नायकाचा गेम असेल तर ही युक्ती आजही चालते. चार जण आणि प्रत्येकाच्या पिशवीत आठ वस्तू झाल्या, की मंत्र इतका लांबतो की तो लिहिण्यापेक्षा यंत्र चालू ठेवून झोपलेलं बरं.

साधनांमध्ये सीसी६५ हा सी कम्पायलर (सी मधला कोड यंत्राच्या भाषेत नेणारं साधन) जुना आणि भरवशाचा. एलएलव्हीएम-मॉस नवा आहे आणि जास्त चपळ कोड देतो. नेसमेकर सुरुवात सोपी करून देतं, पण आळीपाळीची लढाई स्वतःच्या नियमांनी हवी म्हटलं की असेंब्लीत हात घालावाच लागतो.

गेम बॉय: पडदा लहान, सोय मोठी

१९८९चं यंत्र, चार छटा, १६० बाय १४४ पिक्सेल. कागदावर एनईएसपेक्षा दुबळं वाटतं. आरपीजीसाठी मात्र ते सरस आहे आणि त्याचं मुख्य कारण एकच: पार्श्वभूमीच्या वर विंडो नावाचा वेगळा थर आहे. संवादाची चौकट त्या थरावर काढून ठेवायची आणि हवी तेव्हा खालून वर सरकवायची. तिची जागा दोन रजिस्टरांत, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांच्या दोन कप्प्यांत, ठरते. खालचा नकाशा जागच्या जागी शाबूत. एनईएसवर ज्याच्यात आठवडा गेला ते इथे एका दुपारचं काम. खोच एवढीच, की स्प्राइट विंडोच्याही वर उमटतात. चौकटीखाली आलेली पात्रं लपवायला विसरलात, तर राजा गंभीर काही सांगत असताना त्याच्या वाक्यातून कोंबडी चालत जाते.

कामाची मेमरी ८ केबी, म्हणजे एनईएसच्या चौपट. एमबीसी५ प्रकारच्या कार्ट्रिजवर रॉम (गेम साठवलेली, न बदलणारी मेमरी) ८ एमबीपर्यंत आणि सेव्हची मेमरी १२८ केबीपर्यंत जाते, त्यामुळे जागेची चिंता मिटली. अडचण रुंदीची आहे. पडदा २० टाइलांचा, चौकटीच्या कडा सोडल्या की ओळीत १८ अक्षरं उरतात. तलवारीला लांबलचक नाव द्यायची हौस इथे आवरावी लागते. १९९८च्या गेम बॉय कलरवर मेमरी ३२ केबी झाली आणि रंगांचा संच प्रत्येक टाइलला स्वतंत्र निवडता येतो. एनईएसवरचं राखाडी तळं इथे होणारच नाही.

जीबी स्टुडिओचा विचार न करता गेम बॉयचा निर्णय घेता येत नाही. २०१९ साली आलेलं हे साधन मोफत आहे, ओपन सोर्स आहे, आणि कोडऐवजी घटनांच्या साखळ्या जोडून गेम करता येतो. तयार होते ती खरी रॉम फाइल, शिवाय ब्राउझरमध्ये चालणारी प्रतही निघते. गाव, संवाद, किल्ली, दार, गुहा, दोन गावांमधलं जुनं वैर, हे सगळं त्यात झकास होतं. आळीपाळीची लढाई मात्र तयार मिळत नाही. ती चलांच्या आणि अटींच्या साखळ्यांनी विणावी लागते. दोन शत्रू आणि तीन चालींपर्यंत ठीक. विष, झोप, ढाल, जादूचे प्रकार यायला लागले की गुंता असा वाढतो की काल लिहिलेलं आज उमगत नाही.

म्हणून माझा हिशेब असा: तुमच्या आरपीजीत गोष्ट मोठी आणि लढाई नावापुरती असेल तर जीबी स्टुडिओ. लढाईच जीव असेल तर जीबीडीके-२०२० हा संच घेऊन सरळ सी मध्ये लिहा. शत्रूंचा तक्ता सी मध्ये एका अ‍ॅरेत मांडला की पन्नासावा शत्रू घालायला एक ओळ पुरते.

मेगा ड्राइव्ह: सी येणाऱ्यांचं माहेरघर

१९८८ साली आलेल्या या यंत्रात ६८००० प्रोसेसर आहे, ७.६७ मेगाहर्ट्झचा. कामाची मेमरी ६४ केबी, आणि रॉम ४ एमबीपर्यंत मॅपरशिवाय सरळ वाचता येते. बँका बदलण्याची कटकट नाही. एसजीडीके हा सी मधला संच पक्का मुरलेला आहे. पार्श्वभूमीचे दोन थर, शिवाय विंडो, आणि ३२० पिक्सेलच्या रुंदीत ४० टाइल. मेन्यूशेजारी वस्तूचं वर्णनही बसतं.

आणखी एक सुख म्हणजे या प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराच्या सूचना आहेत. एनईएस आणि गेम बॉय या दोन्हींच्या प्रोसेसरला त्या नाहीत. ३४७ हा आकडा पडद्यावर दाखवायचा तर त्यातून आधी शंभर वजा करत राहायचं, मग दहा, आणि किती वेळा वजा झाले ते मोजायचं. सी कम्पायलर हे तुमच्या वतीने करतो, पण वेळ लागायचा तो लागतोच. मेगा ड्राइव्हवर हल्ल्याचं सूत्र कागदावर जसं लिहिलं तसं कोडमध्ये उतरतं.

मग अडचण कुठे? ऐसपैस जागा भरायची कोणी, इथे. एकाच वेळी १६ रंगांचे चार संच मिळतात, म्हणजे खेळणाऱ्याच्या अपेक्षाही १६-बिटच्या. गेम बॉयवर चार छटांचा राक्षस एका बैठकीत काढून होतो. इथे तोच राक्षस चांगला दिसायला दोन-तीन दिवस घेतो, आणि असे चाळीस राक्षस काढायचे असतात. 'पियर सोलार' हा मेगा ड्राइव्हसाठी हौशी मंडळींनी सुरू केलेला आरपीजी. काम २००४ साली सुरू झालं, ८ एमबीचं कार्ट्रिज बाजारात आलं २०१०च्या डिसेंबरात. तेही एकट्याचं काम नव्हतं. सोबत चित्रकार नसेल तर या यंत्राच्या वाटेला जाण्याआधी हे साल आठवा.

सुपर निंटेंडो: दुरून डोंगर साजरे

आरपीजी म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. १९९०चं यंत्र, १२८ केबी मेमरी, आणि मोड १ नावाच्या चित्रपद्धतीत १६ रंगांचे दोन थर अधिक चार रंगांचा तिसरा. तो तिसरा थर जणू संवादाच्या चौकटीसाठीच घडवलाय. पण ६५८१६ प्रोसेसर क्षणात ८ बिटांचा, क्षणात १६ बिटांचा होतो आणि सी कम्पायलरला ते नीट पचत नाही. आवाजाच्या भागाला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची ६४ केबी मेमरी; त्याचा प्रोग्रॅम वेगळा, तो आधी तिकडे पोचवायचा. पीव्हीस्नेसलिब यातलं बरंच ओझं उचलतं, तरी वेग कमी पडला की असेंब्लीशी गाठ आहेच. पहिला गेम इथे करू नका. दुसरा करा, आणि तेव्हाही आधी महिनाभर फक्त आवाज वाजवून बघा.

मराठी मजकूर हवा असेल तर

मग गणित बदलतं. ८ बाय ८ च्या टाइलमध्ये रोमन अक्षर बसतं. शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार असं देवनागरी अक्षर बसत नाही. दोन टाइल उंची धरावीच लागते. जपानी गेमना याच जातीची अडचण होती: काही अक्षरांवरची दोन टिंबं ते वरच्या ओळीत वेगळी टाइल ठेवून दाखवत. आपली जोडाक्षरं तशी निभत नाहीत, कारण अक्षरांची रुंदीही सारखी नसते. व्यवहार्य मार्ग म्हणजे ओळ संगणकावर आधीच जुळवून तिच्या टाइल करून ठेवायच्या, किंवा चालू गेममध्ये पिक्सेल-पिक्सेल काढायची. गेम बॉयवर दोन ओळींचा संवाद कडांसकट सहा टाइल उंच होतो, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्सा गेला. चालून जातं, पण दाटीवाटीने. मेगा ड्राइव्हच्या २२४ पिक्सेल उंचीत तो अंग सैल सोडून बसतो.

इथेच गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आठवतो. २००१चं यंत्र, १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, २५६ केबी अधिक ३२ केबी मेमरी, ३२ एमबीपर्यंत रॉम. आजचा जीसीसी कम्पायलर थेट चालतो आणि बुटानो नावाचा सी++ संच अक्षरशः हाताला धरून नेतो. टंचाईतून वाट काढायची गंमत यात कमी. पण गेम पुरा होऊन कोणाच्या तरी हातात पडावा एवढीच इच्छा असेल, तर मी हाच सुचवेन.

आकडे चुकले तर कळणार कसं?

आरपीजीतली चूक डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या 'फायनल फँटसी'त पात्राची बुद्धी वाढली तरी जादूचा जोर वाढत नव्हता, आणि शस्त्राचा वर्मी घाव बसण्याची शक्यता तक्त्यातल्या आकड्याऐवजी शस्त्राच्या क्रमांकावरून ठरत होती. तरीही गेम लाखोंनी खेळला. तेव्हा एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मेमरी उघडून बघता येणं ही चैन समजू नका. एनईएससाठी मेसेन, गेम बॉयसाठी सेमबॉय, मेगा ड्राइव्हसाठी ब्लास्टेम. तिन्हींमध्ये डीबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, आहे.

खऱ्या यंत्रावरही लवकर चालवून बघा. काही एम्युलेटर सुरुवातीची मेमरी शून्यांनी भरून देतात, यंत्र तसं देत नाही. माझ्या नायकाच्या पिशवीत एम्युलेटरवर शून्य नाणी असायची. कार्ट्रिजवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा तो ४१,००० नाणी घेऊनच घराबाहेर पडला. सुरुवातीला मेमरी पुसणारी चार ओळींची लूप मी लिहिलीच नव्हती.

अजूनही दोन यंत्रांत मन घुटमळत असेल तर दोन्हींवर एकेक शनिवार-रविवार घाला. एक खोली, एक माणूस, त्याची तीन वाक्यं, एक पेटी, एक लढाई, आणि सेव्ह. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर पेटी उघडीच दिसली पाहिजे. ज्या यंत्रावर रविवारी संध्याकाळपर्यंत हे जमेल, चाळीस राक्षस त्याच्यासाठी काढा.