बुटांचा नियम आणि दारावरची वागणूक : एका बारचे परीक्षण

गेल्या सहा महिन्यांत मी या बारमध्ये तीनदा गेलो. आतल्या व्यवस्थेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. संगीत आहे, पण समोरच्याचे बोलणे ऐकू येते; पेये मोजून आणि नीट थंड करून दिली जातात; न मागवलेली वस्तू बिलात कधी आढळली नाही. तरीही हे परीक्षण बहुतेक दाराविषयीच आहे, कारण या ठिकाणाचा सर्वांत कच्चा भाग तोच आहे. बारचे नाव लिहीत नाही. ज्या त्रुटी सांगणार आहे, त्या मला इतर बार आणि पबमध्येही दिसल्या आहेत.

पहिल्या वेळी आम्ही चार मित्र होतो. टेबल आधीच राखून ठेवले होते आणि त्याच्या संदेशात पेहरावाविषयी ‘स्मार्ट कॅज्युअल’ (नीटनेटका, पण औपचारिक नसलेला पेहराव) एवढे दोनच शब्द होते. आमच्यापैकी एकाच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्याने तो डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आत खास तळवा बसवलेले स्पोर्ट्स शूज वापरतो. बाकी त्याच्या अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गडद पँट होती. दारावरच्या बाउन्सरने फक्त त्याच्या पायांकडे पाहिले, “स्पोर्ट्स शूज चालत नाहीत,” एवढेच सांगितले आणि हाताने त्याला बाजूला उभे केले. मित्राने कारण सांगितले, शेवटी बूट काढून आतला तळवाही दाखवला. भर रांगेत, अनोळखी माणसांच्या देखत, आपल्या दुखण्याची अशी साक्ष द्यावी लागणे किती लाजिरवाणे असते, हे त्याचा चेहरा पाहून मला कळत होते. तेवढ्यात पांढरेशुभ्र, महागडे स्पोर्ट्स शूज घातलेले दोघे जण आमच्या शेजारून सरळ आत गेले. आम्ही विचारले तेव्हा, “ते स्नीकर्स आहेत,” असे उत्तर मिळाले. वीस मिनिटांनी मॅनेजर बाहेर आले आणि “आजच्यापुरते सोडतो,” म्हणाले. नियमात बसणारी सवलत असेल तर ती हक्काने मिळायला हवी, आणि बसत नसेल तर शेजारून गेलेल्या त्या दोघांनाही थांबवायला हवे होते. उपकार म्हणून मिळालेला प्रवेश घेऊन आम्ही आत बसलो खरे, पण त्या रात्री मित्र फारसा बोलला नाही.

पेहरावाच्या नियमाला माझा विरोध नाही. अशा नियमांमागे बरेचदा रास्त कारण असते. पाय झाकणारे बूट हवेत असे म्हणतात, कारण गर्दीत ग्लास फुटतात, काचांचे तुकडे ओल्या फरशीवर दिसत नाहीत आणि उघड्या पायाला जखम होते. टोपी किंवा हुड काढायला सांगतात, कारण पुढे भांडण झालेच तर कॅमेऱ्यात चेहरा दिसावा लागतो. सामन्याच्या दिवशी काही पब संघांच्या जर्सी घालून आलेल्यांना आत घेत नाहीत, कारण दोन्ही बाजूंचे समर्थक एका छताखाली प्यायला बसले की बाचाबाची व्हायला वेळ लागत नाही. ही कारणे पटण्यासारखी आहेत आणि ती एका ओळीत सांगता येतात. माझ्या मित्राच्या बुटांनी पाय पूर्ण झाकलेला होता. काचेचे कारण त्याला लागू नव्हते, आणि दुसरे कोणते कारण कोणी दिले नाही.

कारण नसलेला नियम हळूहळू माणसे चाळण्याची चाळणी होतो, हे मला या निमित्ताने प्रकर्षाने जाणवले. ‘कामाचे बूट नकोत’ अशी पाटी लावणाऱ्याला खुर्चीचे कापड जपायचे असेलही, परंतु त्या पाटीने दिवसभर अंगमेहनत करून आलेला माणूस बाहेर राहतो आणि तसेच जाड बूट फॅशन म्हणून घालणारा आत जातो. ‘स्मार्ट’ म्हणजे काय हे लिहिलेच नसेल, तर त्याचा अर्थ दारावरच्या माणसाच्या नजरेवर अवलंबून राहतो, आणि ती नजर कपड्यांबरोबर रंग, भाषा, वय आणि शरीरही मोजू लागते. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्यानुसार पबला वंश, लिंग, अपंगत्व अशा कारणांवरून कोणालाही दारात अडवता येत नाही. कपड्यांचे कारण पुढे करून तेच साधता येते, म्हणूनच तो नियम लेखी आणि नेमका असण्याला माझ्या दृष्टीने एवढे महत्त्व आहे.

दुसऱ्या भेटीत आम्ही तिघे पुरुष होतो. या वेळी सर्वांनी चामड्याचे काळे बूट घातले होते. “दहानंतर स्टॅग एंट्री नाही,” म्हणजे सोबत स्त्री नसलेल्या पुरुषांना प्रवेश नाही, असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. ही अट संकेतस्थळावर नव्हती, दारावरच्या पाटीवर नव्हती आणि दुपारी फोन केला तेव्हाही कोणी सांगितली नव्हती. पुरुषांच्या मोठ्या टोळक्यांमुळे बायकांना त्रास होतो, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय हवाच. पण त्रास देणाऱ्याला बाहेर काढणे हा तो उपाय आहे. शांतपणे बोलत बसू पाहणाऱ्या तीन माणसांना केवळ पुरुष म्हणून अडवल्याने कोणाचे रक्षण होते, हे मला समजले नाही. उलटा अन्याय तर याहून जुना आहे. न्यूयॉर्कमधल्या मॅकसॉर्लीज या जुन्या पबमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता. न्यायालयात दाद मागितली गेली आणि १९७० साली ते दार उघडले. त्याच शहरात १९७७ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओ ५४ या क्लबचे एक मालक स्टीव्ह रुबेल स्वतः दारात उभे राहून गर्दीतून माणसे निवडत. त्या निवडीची पुढे मोठी ख्याती झाली, पण बाहेर थंडीत ताटकळलेल्यांच्या बाजूने तिच्याकडे पाहिले की मला त्यात कौतुकासारखे काही दिसत नाही.

बाउन्सरच्या बाजूनेही लिहिले पाहिजे. मद्यधुंद माणसाला आत न घेणे, ओळखपत्रावरून वय तपासणे, आतल्या माणसांची संख्या मोजणे ही कामे त्यालाच करावी लागतात आणि शिव्याही त्यालाच खाव्या लागतात. संख्येचा नियम तर प्राणांशी निगडित आहे. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २०१३च्या जानेवारीत एका गर्दीने भरलेल्या नाइटक्लबला आग लागली, बाहेर पडायला धड दुसरी वाट नव्हती आणि २४२ जणांचा जीव गेला. त्यामुळे तिसऱ्या भेटीत “आतली संख्या पूर्ण झाली आहे, दहा मिनिटे थांबा,” असे सांगितले गेले तेव्हा आम्ही आनंदाने थांबलो. ब्रिटनमध्ये दारावर काम करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो आणि तो दिसेल असा लावावा लागतो. इथे मात्र कोणाच्या छातीवर नावाची साधी पट्टीही नव्हती. तक्रार करायची तर ती कोणाविरुद्ध, आणि चांगली वागणूक मिळाली तर आभार कोणाचे मानायचे?

दुसऱ्या भेटीनंतर मी व्यवस्थापनाला सविस्तर पत्र लिहिले होते. आठवड्याभरात सभ्य भाषेत उत्तर आले. तिसऱ्या भेटीपर्यंत संकेतस्थळावर काय चालेल आणि काय चालणार नाही याची स्पष्ट यादी आली होती, वैद्यकीय कारणाने वापरलेल्या बुटांचा तिच्यात वेगळा उल्लेख होता, आणि तोच मित्र तेच बूट घालून या वेळी एकाही प्रश्नाशिवाय आत आला. याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. स्टॅगची अट मात्र अजूनही कुठेच लिहिलेली नाही आणि बंदही झालेली नाही.

पाचपैकी तीन तारे देतो. जाणार असाल तर टेबल राखताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्या : बुटांविषयी नेमका नियम काय, आणि तुमच्या गटात फक्त पुरुष असतील तर किती वाजेपर्यंत प्रवेश मिळेल. आलेले उत्तर फोनमध्ये जपून ठेवा आणि अडवलेच तर वाद न घालता ते दाखवून मॅनेजरना बोलवायला सांगा. स्टॅगची अट पाटीवर लिहिली किंवा काढून टाकली, तर मी पुन्हा जाईन आणि चौथा तारा देईन.