बोर्ग, रेस्टिक, आरस्नॅपशॉट की प्रॉक्समॉक्स? छोट्या ऑफिसच्या बॅकअप सर्वरसाठी काय घ्यावं

बॅकअप घेणं हल्ली कुठल्याही सॉफ्टवेअरला जमतं, त्यात निवडण्यासारखं फार काही राहिलेलं नाही. खरी गंमत सहा-आठ महिन्यांनी सुरू होते, डिस्क भरत आली की मग जुनं काय पुसायचं, कोण पुसणार, आणि जे ठेवलंय ते उघडतंय तरी का हे कोण बघणार. त्यामुळे बोर्ग, रेस्टिक, आरस्नॅपशॉट आणि प्रॉक्समॉक्स या चार बॅकअप सॉफ्टवेअरची ही तुलना मुद्दाम त्याच अंगाने करतोय, बाकी स्पीड-बीडच्या गप्पा सगळीकडे मिळतात.

ऑफिस कसं आहे ते धरून चालतो. रत्नागिरी-चिपळूण-कुडाळ पट्ट्यातलं, पतसंस्था म्हणा, सीएचं ऑफिस म्हणा, आंबा पल्पवाला म्हणा. पाच-सात विंडोजचे पीसी, टॅली, स्कॅन केलेल्या पीडीएफचा ढीग, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक जुना डेस्कटॉप ज्यात दोन 4 टीबीच्या डिस्क टाकून लिनक्स चढवायचा विचार चाललाय. पावसात लाईट जाते-येते, नेटचा डाऊनलोड बरा पण अपलोडच्या नावाने बोंब, आणि कॉम्प्युटरवाला फोन केल्यावर लगेच येईल असं नाही, तो देवरुखला नाहीतर लांज्याला कुणाकडे तरी अडकलेला असतो.

आधी आरस्नॅपशॉट, कारण तो सगळ्यात साधा. खाली आरसिंक (फाईली कॉपी करणारा लिनक्सचा प्रोग्राम) चालतो, रोज एक फोल्डर तयार होतो, डेली.0, डेली.1 असे, आणि न बदललेली फाईल हार्डलिंकने जोडलेली असते म्हणजे सात फोल्डरमध्ये दिसते पण जागा एकदाच खाते. फायदा काय, तर परत काढायला काही म्हणजे काही शिकावं लागत नाही. ऑफिसातल्या मॅडम सर्वरचं शेअर केलेलं फोल्डर उघडतात, परवाच्या फोल्डरमध्ये जातात, फाईल कॉपी करतात, झालं काम. तोटा असा की टॅलीत एक व्हाउचर टाकलं तरी ज्या ज्या फाईली बदलल्या त्या अख्ख्या नव्याने साठवल्या जातात, आणि एन्क्रिप्शन नाही, डिस्क कुणी उचलून नेली तर सगळ्यांची खाती त्याच्या हातात. अजून एक बारीक त्रास, कॉन्फिग फाईलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये टॅबच लागतो, स्पेस दिली की एरर, आणि स्क्रीनवर दोन्ही दिसतं सारखंच! बदल केला की 'कॉन्फिगटेस्ट' चालवायची सवय लावून घ्या.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सात फोल्डर बघून माणसाला वाटतं सात प्रती आहेत, डिस्कवर मात्र ती फाईल एकदाच आहे, डिस्कवरची ती जागा (सेक्टर) खराब झाली की सातही ठिकाणची फाईल एकदम गेली. आणि आरस्नॅपशॉटकडे स्वतःची तपासणी नावाचा प्रकारच नाही. खाली झेडएफएस (चुका ओळखणारी फाईलसिस्टम) घालून दोन डिस्कचा मिरर केलात, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा ठेवलात, तर स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवून चूक सापडतेही आणि दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्तही होते, तसं करणार असाल तरच याच्याकडे वळा. शिवाय याची साफसफाई मोजणीवर चालते, आठवड्याचा जॉब जुन्यातला जुना डेली उचलून वीकली करतो, नेमकी त्या रविवारी पहाटे लाईट नसली तर तो जॉब चुकतो आणि दुसऱ्या दिवशीचा डेली जॉब तोच फोल्डर पुसून टाकतो. ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या लिनक्सच्या साध्या क्रॉनऐवजी चुकलेला जॉब मशीन चालू झाल्यावर करणारा टायमर लावा.

बोर्ग आणि रेस्टिक

ही दोन भावंडं. दोघंही फाईलचे तुकडे करतात, आधी आलेला तुकडा परत साठवत नाहीत, दोघांत एन्क्रिप्शन आहे, त्यामुळे तीच टॅली रोज घेतली तरी वाढ थोडीच होते. रेस्टिकला मुद्दाम वेगळा ऑप्शन दिल्याशिवाय पासवर्डविना काही उघडत नाही, बोर्गमध्ये एन्क्रिप्शन नको म्हणता येतं पण म्हणू नका. विंडोजवाल्यांसाठी पहिला फरक इथेच पडतो: रेस्टिक ही एकच फाईल आहे, विंडोजवर टाकली की चालली, आणि एक ऑप्शन दिला की उघड्या असलेल्या फाईलीही विंडोजच्या शॅडो कॉपीतून (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीतून) घेते. बोर्गचं विंडोजसाठी अधिकृत असं काही नाही, पीसीचं शेअर केलेलं फोल्डर सर्वरला जोडून तिथून ओढावं लागतं आणि मग संध्याकाळी कुणी टॅली उघडी ठेवून घरी गेलं की त्या फाईलचा भरवसा नाही.

दुसरा फरक जागेचा. दोन्हीकडे 'रोजचे 7, आठवड्याचे 4, महिन्याचे 12 ठेव' असं सांगता येतं, आणि दोघंही ज्या दिवशी बॅकअप झाला तेच दिवस मोजतात, म्हणजे वादळात मशीन दहा दिवस बंद राहिलं तरी जुने सात जागच्या जागी असतात, ही चांगली गोष्ट. पण सांगितलं म्हणजे जागा मोकळी झाली असं नाही. बोर्गच्या 1.2 पासून 'प्रून' नुसतं नाव काढतं, जागा सुटते ती 'कॉम्पॅक्ट' चालवल्यावर, आणि जुन्या स्क्रिप्ट (कमांडच्या तयार याद्या) उचलून वापरणाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ नसते, मग डिस्क भरली म्हणून फोन. रेस्टिकमध्येही तसंच, 'फर्गेट' वेगळं आणि 'प्रून' वेगळं, फक्त एकाच कमांडला दोन्ही जोडता येतात.

आता खरा मुद्दा, कारण इथे दोघांचे स्वभाव उलटे आहेत. बोर्गमध्ये सगळ्या पीसींचे बॅकअप एकाच रिपॉझिटरीत (बॅकअपच्या साठ्यात) टाकलेत आणि प्रूनला नावाचा पॅटर्न दिला नाहीत तर ते सगळ्यांना एकच समजतं, दिवसाचा एक ठेवतं, बाकीच्या पीसींचे त्या दिवसाचे पुसतं. म्हणजे कॅशियरचा राहिला आणि मॅनेजरचा गेला. रेस्टिक आपणहून मशीनचं नाव आणि फोल्डरचा पाथ बघून गट पाडतं, त्यामुळे हा घोटाळा होत नाही, पण तुम्ही पीसी बदलला किंवा त्याचं नाव बदललं की जुन्या नावाचा गट तसाच राहतो, त्यात नवीन काही येत नाही म्हणून त्यातलं काही पुसलंही जात नाही, वर्षानुवर्षं जागा अडवून बसतो. एक चुकला तर पुसतो, दुसरा चुकला तर साठवून ठेवतो. मला विचाराल तर साठवणारा परवडला, डिस्क विकत मिळते.

पुसणारी स्क्रिप्ट किती महागात पडते त्याचं उदाहरण क्योटो विद्यापीठाचं, डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजवर जुन्या लॉग फाईली साफ करणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवीन आवृत्ती वर टाकली गेली, व्हेरिएबल रिकामे राहिले आणि सुमारे 77 टीबी संशोधनाचा डेटा उडाला. तेव्हा हाताने 'इतक्या दिवसांपेक्षा जुनं ते डिलीट' अशी स्वतःची स्क्रिप्ट लिहायच्या फंदात पडू नका, सॉफ्टवेअरचंच प्रून वापरा आणि पहिल्यांदा नेहमी ड्राय रन करा, काय पुसणार आहे त्याची यादी दाखवतं ते.

आपल्याकडची एक खास भानगड सांगतो. जुन्या डेस्कटॉपमधला बोर्डावरचा सेल संपलेला असतो, लाईट जाऊन आली की तारीख काही वर्षं मागे जाते, नेट पण त्याच वेळी बंद असतं त्यामुळे तारीख सुधारत नाही, आणि त्या रात्रीचा बॅकअप पुराण्या तारखेने पडतो. मग प्रूनच्या हिशेबात तो सगळ्यात जुना आणि पहिला पुसायच्या लायकीचा. सेल काही महाग नाही, मशीन उघडलंय तेव्हाच बदलून टाका, आणि बायॉसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंगही तेव्हाच करा.

तपासणी

अढीतले आंबे जसे दोन-चार दिवसांनी उलटून बघावे लागतात, डागी काढावा लागतो, तसंच हे, रचून ठेवलं आणि विसरलो असं चालत नाही. बोर्गचं साधं 'चेक' वरवरचं चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा) बघतं, आतला डेटा उलगडून बघायचा तर 'व्हेरिफाय डेटा' द्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. हिशेब करून बघा, 4 टीबीची भरलेली डिस्क सेकंदाला 150 एमबीने जरी वाचली तरी साडेसात तास जातात, जुन्या प्रोसेसरवर अजून जास्त, तेवढा वेळ लाईट टिकली पाहिजे. इथे रेस्टिक मला जास्त आवडतं कारण तुकड्यातुकड्याने तपासता येतं, बारापैकी एक भाग या महिन्यात, पुढचा पुढच्या महिन्यात, वर्षभरात सगळं फिरून होतं. मध्येच लाईट गेली तर कधीकधी लॉक (काम चालू असल्याची खूण) अडकून राहतं, 'अनलॉक' म्हणायचं, पण आधी खरंच दुसरीकडे काही चालू नाही ना ते बघून.

आणि मेल. काही बिघडलं तर मेल येईल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबचा (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी) डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा कळलं की त्यांचा रोजचा डंप (डेटाबेसची प्रत) डेटाबेसच्या वेगळ्या व्हर्जनमुळे कधीचा फेल होत होता आणि फेलचे मेल मेलसर्वर नाकारत होता, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत हे झालं. म्हणून उलटं लावा: बॅकअप नीट झाला की रोज पिंग, म्हणजे 'झालं' असा छोटा संदेश, जावा, आणि पिंग आला नाही तर मोबाईलवर बोंब व्हावी.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्वरबद्दल थोडक्यात, कारण तो सगळ्यांसाठी नाही. तुमच्याकडे आधीच प्रॉक्समॉक्सवर व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्वरच्या आत चालणारी वेगवेगळी मशीनं) चालत असतील, एखाद्या पतसंस्थेचा कोअर बँकिंगचा सर्वर वगैरे, तर दुसरं काही बघूच नका. प्रून, गार्बेज कलेक्शन (नको झालेले तुकडे पुसणं), व्हेरिफाय (तपासणी), तिन्ही वेबपेजवरून वेळापत्रक लावून होतात, कुठला बॅकअप कधी तपासला ते समोर दिसतं, मॅनेजरसाहेबांनाही दाखवता येतं. फक्त प्रून केल्यावर जागा लगेच सुटली नाही म्हणून घाबरू नका, गार्बेज कलेक्शन एखाद्या तुकड्याला शेवटचा हात लागून 24 तास 5 मिनिटं झाल्याशिवाय तो पुसत नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. पण नुसत्या विंडोज पीसींच्या फाईलींसाठी त्याचा अधिकृत क्लायंट नाही, आणि साध्या फिरत्या डिस्कवर त्याचं व्हेरिफाय रडत-रखडत चालतं, एसएसडी मागतो तो.

किती वर्षं ठेवायचं हे सीएला विचारून ठरवा, पण साधारण जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने लागतं, कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या 8 आर्थिक वर्षं, आणि ऑगस्ट 2022 पासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्वरवर रोज ठेवावा लागतो, म्हणजे परदेशातल्या क्लाऊडवर टाकून मोकळं होता येत नाही. यात एक मेख आहे. 'वर्षाचा 1 ठेव' म्हटलं की ही सॉफ्टवेअरं कॅलेंडर वर्षातला शेवटचा, बहुधा 31 डिसेंबरचा ठेवतात, आपलं वर्ष संपतं 31 मार्चला! रेस्टिकमध्ये ऑडिट झाल्यावरच्या बॅकअपला टॅग लावून 'हा टॅग असेल तर पुसू नको' सांगता येतं. बोर्गच्या 1 च्या मालिकेत तशी सोय नाही, वेगळं नाव देऊन प्रूनच्या पॅटर्नमधून बाहेर ठेवावं लागतं.

दुसरी प्रत कुठे? त्याच नदीकाठी नको, एवढं नक्की. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळंच गेलं, पीसी काय आणि टेबलाखालची बॅकअपची डिस्क काय. घाटावर कोल्हापूरला ठेवू म्हणाल तर त्याच दिवसांत पंचगंगेलाही पूर होता, आणि राजापूर, खेड, महाड यांचं तर सांगायलाच नको. गावातच उंचावरच्या कुणाच्या घरी माळ्यावर एक बॉक्स ठेवला तरी चालतो, फक्त पहिला बॅकअप इथेच ऑफिसात भरून मग बॉक्स न्यायचा, कारण 20 एमबीपीएसच्या अपलोडने 1 टीबी चढवायला साडेचार दिवसांच्या वर लागतात, तेही लाईन एकदाही न तुटता. डिस्क काढून कपाटात ठेवणार असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आपली खारी हवा आणि पावसाळ्यातला दमट वास कनेक्टरला सोडत नाही.

मग घ्यायचं काय? विंडोजचं ऑफिस आणि टॅली असेल तर रेस्टिक, सर्वरवर त्याचाच रेस्ट-सर्वर अपेंड-ओन्ली (फक्त भर घालता येईल अशा) मोडमध्ये लावून, म्हणजे पीसीत व्हायरस शिरला तरी जुने बॅकअप त्याला पुसता येणार नाहीत, आणि पुसायचं काम सर्वरवरूनच करायचं. फोटो स्टुडिओ असेल तर आरस्नॅपशॉट आणि झेडएफएस मिरर, लग्नाचे फोटो एकदा आले की बदलत नाहीत, तुकडे पाडून तिथे काही वाचत नाही आणि गिऱ्हाईक आलं की फोल्डर उघडून देता येतं. सगळी मशीनं लिनक्सची असतील आणि बघणारा माणूस रोज ऑफिसात असेल तर बोर्ग उत्तमच आहे, दर पीसीला वेगळी रिपॉझिटरी करा म्हणजे वरचा घोटाळा होणार नाही. पासवर्ड, आणि बोर्ग असेल तर एक्सपोर्ट केलेली 'की' (एन्क्रिप्शनची किल्ली) सुद्धा, कागदावर छापून ऑफिसच्या बाहेर, चेअरमनच्या घरच्या तिजोरीत वगैरे. आणि मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, एक दिवस कॉम्प्युटरवाल्याला नुसतं शेजारी बसवून मॅडमनाच मागच्या मार्चची टॅली परत काढायला सांगा, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ताळेबंद छापील प्रतीशी जुळतो का बघा. जिथे त्या अडकतील ती पायरी मराठीत लिहून सर्वरच्या कॅबिनेटवर चिकटवा.