आधी कोण ऐकाल: एलिस कोल्ट्रेन की गानव्या?

अमेरिकन संगीतकार एलिस कोल्ट्रेन म्हणजे जॅझची हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य. पण १९८२ च्या ‘तुरिया सिंग्ज’ या अल्बममध्ये त्या स्वतः संस्कृत नामावळी गातात. मुळात ही त्यांच्या आश्रमातल्या साधकांसाठी काढलेली कॅसेट. ऑर्गन, सिंथेसायझर, व्हायोलिनांचा ताफा आणि मधोमध साधा, ठाय आवाज. गमक नाही, तान नाही. चर्चमधलं गाणं आणि भजन एकाच श्वासात. सिंथेसायझर जड वाटला, तर २०२१ मध्ये आलेली फक्त आवाज आणि ऑर्गनची आवृत्ती घ्या. मला तीच जवळची वाटते.

गायिका गानव्या न्यूयॉर्कमध्ये जन्मली, वाढली तमिळनाडूत. तिच्या गळ्यात कर्नाटक संगीताचं वळण मुरलेलं आहे, सूर हेलकावत उतरतो. २०२४ चा ‘डॉटर ऑफ अ टेंपल’ हा अल्बम ह्यूस्टनमध्ये तीसहून अधिक कलाकारांना जमवून केलेला. जॅझ पियानोवादक विजय अय्यर, बासवादक-गायिका एस्पेरांझा स्पाल्डिंग त्यात आहेत, आणि एलिसच्याच रचनाही.

आपल्या कानाला गानव्या लवकर आपलीशी वाटेल. तंजावरी मराठ्यांमुळे तमिळ नामसंकीर्तनात अभंग रुजले, त्यामुळे ती भक्ती तशी ओळखीचीच. तरी मी एलिसपासून सुरुवात करीन. सुरांच्या नात्याने आधी आजी, मग नात.