पट्टीचित्रांनी शाब्दिक उदाहरणे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचा एकत्र वर्ग घेते. पटावर १७ मुले आहेत. गेल्या जूनच्या मध्यापासून या फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मी शाब्दिक उदाहरणांसाठी पट्टीचित्रांची रीत नेमाने वापरली. उदाहरण वाचल्यावर लगेच आकडेमोडीला हात घालायचा नाही; त्यातील राशी आडव्या पट्ट्यांनी काढायच्या, माहीत असलेल्या राशी पट्टीवर लिहायच्या, विचारलेल्या राशीच्या जागी प्रश्नचिन्ह घालायचे आणि मगच कोणती क्रिया करायची ते ठरवायचे, अशी ही रीत आहे. ती वापरू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या रीतीकडे मी वळले ते एका प्रश्नाला कंटाळून. शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून होते न होते तोच मुले विचारत, "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" हा प्रश्न त्यांना पडावा याला मीच कारणीभूत होते. 'एकूण' म्हटले की बेरीज, 'उरले' म्हटले की वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हटले की भागाकार, असे मी कित्येक वर्षे शिकवत आले होते. सोप्या उदाहरणांत ते चालूनही जाते. पण एकदा मी फळ्यावर असे उदाहरण लिहिले : राधाकडे ४८ चिंचोके आहेत. ते सलीमकडील चिंचोक्यांपेक्षा १५ ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती चिंचोके आहेत? चौथीच्या नऊपैकी सात मुलांनी ६३ उत्तर काढले. बेरीज अचूक होती, हातचा बरोबर घेतला होता, उत्तराचे वाक्यही नीट लिहिले होते. 'जास्त' हा शब्द दिसला आणि मुलांनी मिळवणी केली, एवढेच.

ही सवय केवळ आपल्याकडची नाही. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक प्रश्न देण्यात आला होता : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून उत्तर काढले. मला त्या मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. गणिताच्या तासाला आकडे समोर आले की त्यांचे काहीतरी करायचेच असते, हे त्यांना शाळेनेच शिकवलेले असते.

पट्टीचित्रांची रीत आज जगभर ओळखली जाते ती सिंगापूरमुळे. तेथील शिक्षण मंत्रालयाने १९८० च्या दशकात प्राथमिक गणिताची पुस्तके नव्याने तयार केली, तेव्हा डॉ. खो टेक हाँग यांच्या नेतृत्वाखालील गटाने ही रीत त्यांत आणली. आधी हाताने करायचे, मग चित्र काढायचे आणि शेवटी चिन्हांत लिहायचे, हा मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडलेला क्रम तिच्या मुळाशी आहे. आपल्याकडे गणितमाळ (मण्यांची माळ), दशकदांडे (दहाचे दांडे) आणि सुटे यांच्यामुळे या क्रमाची पहिली पायरी बहुतेक शाळांमध्ये असतेच. मात्र मण्यांवरून थेट उभ्या मांडणीवर उडी मारली जाते आणि मधली चित्राची पायरी राहून जाते. निदान माझ्या वर्गात ती राहिली होती.

सुरुवात कागदाच्या पट्ट्यांनी केली. जुन्या दिनदर्शिकांच्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, थोडा घोटीव कागद आणला. सगळा खर्च २०० रुपयांच्या आत झाला. दोन मुलांनी समोरासमोर बसायचे, मी उदाहरण वाचायचे आणि त्यांनी पट्ट्या एकाखाली एक लावायच्या, असे पहिले तीन आठवडे चालले. या काळात वहीत एकही उदाहरण सोडवले नाही. ते तीन आठवडे वाया गेले असे तेव्हा वाटले होते. आज मी ते चारपर्यंत वाढवीन.

पट्ट्यांवरून वहीतल्या चित्रांवर आलो तेव्हा एक अडचण आली, ती आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. गणितासाठी मुलांकडे चौकटीची वही असते. ४८ म्हटल्याबरोबर मुले ४८ चौकटी मोजू लागली. एका मुलाने दोन ओळी भरून चौकटी रंगवल्या आणि एका उदाहरणात अर्धा तास गेला. पट्टी मोजण्यासाठी नाही, नाते दाखवण्यासाठी आहे, हे कितीही समजावले तरी चौकटी समोर असल्या की मोजणे सुटेना. शेवटी पट्टीचित्रांसाठी एकरेघी वही केली आणि प्रश्न मिटला. पट्टी अंदाजाने काढायची. मोठी राशी मोठी दिसली, लहान राशी लहान दिसली, की पुरे.

खरा फायदा तुलनेच्या उदाहरणांत झाला. मराठीत 'पेक्षा' हा शब्द कोणाला जोडला आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि घाईने वाचणाऱ्या मुलाच्या नजरेतून नेमका तोच निसटतो. चिंचोक्यांचे उदाहरण ऑगस्टच्या अखेरीस मी पुन्हा दिले. चौथीतल्या एका मुलीने आधी राधाची पट्टी काढून तीवर ४८ लिहिले. मग सलीमची पट्टी काढताना तिचा हात थांबला. ती पुन्हा फळ्याकडे वळली, ओठ हलवत दुसरे वाक्य दोनदा वाचले आणि 'ते' या शब्दाशी येऊन म्हणाली, "ते म्हणजे राधाचे." मग सलीमची पट्टी आखूड काढली, उरलेल्या जागेत तुटक रेघ ओढून १५ लिहिले आणि पट्टीच्या आत प्रश्नचिन्ह घातले. वजाबाकी करायची हे तिला कोणी सांगावे लागले नाही. ३३ हे उत्तर मिळाल्यावर तिने ते ४८ च्या खाली धरून पाहिले. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : समजून घेणे, योजना करणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. यांपैकी पहिली आणि शेवटची पायरी शिकवायची कशी, हे मला आजवर उमगले नव्हते. त्या मुलीच्या वहीत दोन्ही दिसत होत्या.

त्या दिवसापासून मी वर्गात क्रियेविषयी विचारणे सोडले. "कोणाची पट्टी लांब?" एवढेच विचारते. पालकांनी घरी याहून वेगळे काही करण्याची गरज नाही.

चौथीच्या मुलांना दिवाळीनंतर याहून कठीण उदाहरणे दिली. दोन बहिणींकडे मिळून ८४ रुपये आहेत. मोठीकडे धाकटीच्या तिप्पट आहेत. तर प्रत्येकीकडे किती? धाकटीच्या पट्टीचा एक भाग, मोठीच्या पट्टीचे तसेच तीन, मिळून चार सारखे भाग, आणि ८४ भागिले ४ म्हणजे २१. म्हणून धाकटीकडे २१ आणि मोठीकडे ६३. बीजगणिताचे नावही न घेता नऊ वर्षांची मुले हे करतात. तसेच दोन संख्यांची बेरीज ६० व फरक १२ असताना संख्या शोधण्याचे उदाहरण. शिष्यवृत्तीच्या तयारीत यासाठी 'बेरजेत फरक मिळवून २ ने भागा' असे सूत्र पाठ करून घेतात. पट्ट्या काढल्या की दिसते की आखूड पट्टीला १२ जोडले तर दोन्ही पट्ट्या सारख्या होतात, त्यांची बेरीज ७२ होते आणि प्रत्येक पट्टी ३६ ची. म्हणून संख्या ३६ आणि २४. माझ्या वर्गातल्या एका मुलाने उलट, जास्तीचे १२ आधी कापून टाकले आणि ४८ चे दोन भाग केले. पाठ केलेल्या सूत्राने हा दुसरा मार्ग सुचला नसता. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षे चौथीऐवजी पाचवीला होती, तेव्हा चौथीच्या वर्गाला अशा उदाहरणांवर रेंगाळायला वेळ मिळत असे. तसा वेळ काढावा असे मला मनापासून वाटते.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. सहलीला ३८ मुले जाणार आहेत आणि एका जीपमध्ये ८ मुले बसतात, तर किती जीप लागतील? पट्टी काढूनही मुले '४, बाकी ६' असेच लिहीत राहिली. मैदानावर खडूने चौकोन आखून मुलांना, कमी पडली तिथे खड्यांना, बसवले, तेव्हा उरलेल्या सहांसाठी पाचवी जीप लागणार हे सगळ्यांच्या लक्षात आले. वेळेच्या उदाहरणांतही पट्टी तोकडी पडते. एसटी ९:४५ ला सुटून ११:२० ला पोहोचली, तर प्रवास किती वेळाचा? मुले ११.२० मधून ९.४५ वजा करून १.७५ लिहितात. इथे संख्यारेषाच हवी : ९:४५ पासून १० पर्यंत १५ मिनिटे, १० पासून ११ पर्यंत १ तास, पुढे २० मिनिटे, म्हणून १ तास ३५ मिनिटे. सगळ्या उदाहरणांना पट्टीच काढायची असा हट्ट मी सप्टेंबरमध्ये धरला होता. ती माझी चूक होती, आणि त्यामुळे दोन-तीन मुलांचा पट्टीवरचा विश्वास काही दिवस उडाला.

दुसरी चूक विकतच्या कार्यपुस्तिकेची. एका खासगी प्रकाशनाची पुस्तिका मी हौसेने मागवली. तीत प्रत्येक उदाहरणाखाली पट्टी छापलेली होती आणि मुलांनी फक्त आकडे भरायचे होते. मुले उदाहरण न वाचताच रिकाम्या चौकटी भरू लागली. वाक्याचे चित्र करताना डोक्याला जो ताण पडतो तोच या रीतीचा गाभा आहे, आणि छापील पट्टी तो ताण काढून घेते. चार दिवसांत ती पुस्तिका कपाटात गेली.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. पूर्वी एका तासाला दहा-बारा उदाहरणे होत, आता तीन किंवा चार होतात. एका पाहणीत वह्या चाळून, गणिताच्या वहीत एवढी चित्रे कशाला, असेही मला विचारले गेले. पाहणीला आलेल्यांना मी विनंती केली की त्यांनी मुलांना एक उदाहरण देऊन ती ते कशी सोडवतात ते पाहावे, आणि ते पाहून झाल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही. फेब्रुवारीत निम्म्याहून अधिक मुले सोपी उदाहरणे पट्टी न काढताच सोडवू लागली आहेत. त्यांना मी पट्टीची सक्ती करत नाही. अडलात तर काढा, एवढेच सांगते.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. तिसरीतल्या तीन मुलांना वाचनच जड जाते. संख्या अक्षरांत आली तर गोंधळ आणखी वाढतो : 'त्रेपन्न' ऐकल्यावर आधी ३ लिहिला जातो, 'एकोणसाठ' चे ६९ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस' ऐवजी 'वीस तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा तिच्यावर मोठी टीका झाली. पण ती ज्या अडचणीसाठी आणली होती ती अडचण मी रोज पाहते. या तिघांना मी उदाहरण वाचून दाखवते, तेव्हा ते पट्टी बरोबर काढतात आणि उत्तरही बरोबर देतात. म्हणजे गणित त्यांना येते. कागदावरचे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. चाचणीत उदाहरण कोणी वाचून दाखवत नाही, त्यामुळे त्यांच्या गुणांत या आठ महिन्यांचे काहीच दिसलेले नाही. मार्चपासून परिपाठानंतरची १५ मिनिटे या तिघांसाठी ठेवली आहेत : मी एक उदाहरण मोठ्याने वाचते, ते पट्टी काढतात, आणि मग तेच उदाहरण, त्याचे चित्र समोर असताना, ते स्वतः वाचून पाहतात.