ब्लूज क्लूज: प्रश्न विचारून गप्प बसणारा कार्यक्रम

लहान मुलांना टीव्ही चांगला की वाईट, हा वाद फारच मोघम आहे. कार्यक्रम कोणता, ते आधी बघा. १९९६ साली निकेलोडियन या अमेरिकी मुलांच्या वाहिनीवर आलेला ‘ब्लूज क्लूज’ इथे उजवा ठरतो. सूत्रधार प्रश्न विचारतो आणि चक्क गप्प बसतो. मोठ्यांना ती शांतता खटकते, पण तेवढ्यात मूल पडद्याकडे बोट दाखवून ओरडतं, ‘तिकडे, मागे!’ ब्लू या कुत्रीच्या पंजाचे तीन ठसे, तीन खुणा, मग उत्तर. एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे तो याचसाठी: आधी मूल नुसतं बघतं, पुढे सूत्रधाराच्या आधीच उत्तर देऊन मोकळं होतं.

खोट आहे ती पुढचा भाग आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोप्लेची, म्हणजे कार्यक्रमाची नव्हे, ॲपची. एक भाग साधारण २५ मिनिटांचा. सेटिंगमधून ऑटोप्ले बंद केला नाही तर तिसरा कधी सुरू झाला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मर्यादा २ ते ४ वर्षांसाठी दिवसाला फार तर १ तास आहे. दीड वर्षाच्या बाळाला तर दाखवूच नका. पडद्यावरचं प्रत्यक्षाशी जोडणं त्या वयात अवघड जातं. आणि शेजारी मोठं माणूस हवं, स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेलं नव्हे.