गोव्याच्या दमट हवेत ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’: वर्षभराच्या वाचनानंतरचा अनुभव

अमेरिकन केमिकल सोसायटीचे ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’ हे संशोधन-नियतकालिक मी २०२५च्या जानेवारीपासून सलग वाचत आले आहे. त्याआधी एखादा शोधनिबंध हवा असला, तर विद्यापीठातल्या कोणा ओळखीच्या व्यक्तीला कळवायचे आणि मिळेल तेव्हा तेवढाच वाचायचा, अशी पद्धत होती. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यामुळे सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. मी गोव्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे नवा अंक आला की अनुक्रमणिकेपासून अखेरपर्यंत चाळण्याची सोय मला प्रथमच मिळाली. हा अभिप्राय त्या वर्षाचा, म्हणजे नियतकालिकाच्या ३७व्या खंडाचा आहे. तो मुख्यतः माझ्यासारख्या महाविद्यालयीन शिक्षकांसाठी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिला आहे.

नियतकालिक १९८९ साली सुरू झाले आणि वर्षाला त्याचे २४ अंक निघतात. बॅटरीचे विद्युतग्र (इलेक्ट्रोड) व घन विद्युत-अपघटनी (आयन वाहून नेणारे घन इलेक्ट्रोलाइट), पेरोव्हस्काइट (सौरघटांसाठी अभ्यासले जाणारे एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ), नॅनोस्फटिकांची वाढ, सच्छिद्र जालके, विद्युतवाहक बहुवारिके (पॉलिमर) आणि संगणकीय भाकिते असा त्याचा पसारा आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने आपले ‘जर्नल ऑफ मटेरियल्स केमिस्ट्री’ २०१३पासून ऊर्जा, जैववैद्यक आणि प्रकाश-इलेक्ट्रॉनिकी अशा तीन भागांत विभागले. येथे मात्र सारे एकाच मुखपृष्ठाखाली आहे. मला हे फार सोयीचे वाटते, कारण बॅटरीवरचा लेख शोधायला गेलेला विद्यार्थी वाटेत नॅनोस्फटिकांवरचाही वाचतो आणि दोन्हीकडे स्फटिकवाढीचा प्रश्न एकच आहे हे त्याच्या लक्षात येते.

या नियतकालिकाचे खरे मोल निष्कर्षांत नसून प्रयोगाच्या तपशिलात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पदार्थ काय करतो याइतकेच तो कसा बनला याला येथे महत्त्व मिळते: कोणते लवण घेतले, द्रावक किती, तापमान किती वेगाने वाढवले, धुताना काय वापरले, कोरडे कसे केले. मूळ लेखात जे मावत नाही ते पुरवणी माहितीत असते आणि ती विनामूल्य उतरवून घेता येते. मी विद्यार्थ्यांना आधी पुरवणीच वाचायला लावते. सारांश आणि रंगीत आकृती पाहून पदार्थ सोपा वाटतो; पुरवणीतला कृतीचा परिच्छेद वाचला, की आपल्या प्रयोगशाळेत तो होण्यासारखा आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळते.

गोव्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे हवा पाण्याने जड असते. वजनकाट्यावर ठेवलेले निर्जल कॅल्शियम क्लोराइड डोळ्यांदेखत ओलसर होते. २०२५च्या अंकांतून ज्या पदार्थांची सर्वाधिक चर्चा होती, त्यांतले बरेचसे नेमके पाण्यालाच भितात. मिथिलअमोनियम लेड आयोडाइड हे पेरोव्हस्काइट बाष्प घेऊन आधी जलयोगी (पाणी धरलेल्या) रूपात जाते आणि पुढे पिवळे लेड आयोडाइड मागे उरते. फॉर्मामिडिनियमच्या संयुगाची काळी, उपयोगी अवस्था बाष्पामुळे लवकर पिवळ्या, निरुपयोगी अवस्थेत उतरते. सल्फाइड वर्गातील घन विद्युत-अपघटनी ओल लागताच हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सोडियम-आयन बॅटरीच्या थरदार ऑक्साइडांवर हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बोनेटचा लेप चढवतात. म्हणून कोणताही लेख उघडला की आता माझी नजर पहिल्यांदा एकाच गोष्टीकडे जाते: काम ग्लव्ह बॉक्समध्ये (बाहेरची हवा व ओल आत न येणाऱ्या बंद पेटीत) केले की उघड्या हवेत, आणि उघड्या हवेत केले असल्यास सापेक्ष आर्द्रता किती होती.

आमच्या प्रयोगशाळेतलेच एक उदाहरण सांगते. एचकेयूएसटी-१ हे तांबे आणि ट्रायमेसिक आम्ल यांचे धातू-सेंद्रिय जालक (धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेली सच्छिद्र स्फटिकी जाळी) १९९९ साली हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. ते बनवायला फारशी महाग साधने लागत नाहीत, म्हणून प्रकल्पासाठी आम्ही ते निवडले. त्यात तांब्याचे दोन अणू समोरासमोर असतात आणि प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकाला पाण्याचा एक रेणू धरलेला असतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवले की ते पाणी निघून जाते, आणि फिकट निळी-हिरवट पूड गडद जांभळट निळी होते. जुलैतल्या दुपारी विद्यार्थिनीने ती कुपी ओव्हनमधून काढून टेबलावर उघडली. पुडीच्या वरच्या थराचा रंग आधी कडेने आणि मग मध्यभागी असा पाहता पाहता परत फिकट झाला. चमचा फिरवला तेव्हा खाली अजून जांभळी पूड होती, आणि तीही थोड्या वेळात उजळली. तेथवरचा बदल उलटवता येतो. पण महिनाभर साध्या झाकणाच्या कुपीत ठेवलेला नमुना ताळगाव पठारावर विद्यापीठात क्ष-किरण विवर्तनासाठी (क्ष-किरणांनी स्फटिकाची मांडणी तपासण्यासाठी) पाठवला, तेव्हा ११.६ अंशांजवळचे मुख्य शिखर बुटके आणि रुंद झालेले होते. आता जालकच ढासळू लागले होते. नियतकालिकातील धातू-सेंद्रिय जालकांवरच्या लेखांत पाण्यासमोरच्या स्थैर्याला इतकी जागा का दिलेली असते, हे त्या विद्यार्थिनीला त्यानंतर समजावून सांगावे लागले नाही. त्या वाचनातूनच आम्ही झिर्कोनियमच्या यूआयओ-६६ कडे आणि जस्ताच्या झिफ-८ कडे वळलो. पहिले ऑस्लो विद्यापीठातून २००८ साली आले आणि त्याचे झिर्कोनियमचे पुंजके बारा बाजूंनी बांधलेले असतात. दुसऱ्याच्या छिद्रांना पाणी आवडत नाही, आणि ते खोलीच्या तापमानाला मिथेनॉलमध्ये नुसते ढवळूनही तयार होते.

ऑक्टोबरच्या ८ तारखेला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच जालकांसाठी रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना जाहीर झाले, तेव्हा वर्षभराच्या वाचनाला एकदम संदर्भ मिळाला. रॉबसन १९७४ साली मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांना स्फटिकरचना दाखवण्यासाठी लाकडी गोळ्यांना भोके पाडून घेत होते. भोकांच्या जागांतच रचनेची माहिती दडलेली आहे, हे त्यांना त्या वेळी जाणवले, आणि तांब्याच्या आयनांचे हिऱ्यासारखे जालक त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केले. शिकवण्याच्या साधनातून एवढे मोठे क्षेत्र उभे राहिले, ही गोष्ट मी दर वर्गाला सांगते आणि सांगताना मला मनापासून आनंद होतो.

सदस्यत्वाचा दुसरा लाभ जुन्या अंकांचा. यू, चू, ग्वो आणि पेंग यांचा २००३चा निबंध आजही रोजच्या कामाचा आहे: कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांचे पहिले शोषण-शिखर किती नॅनोमीटरवर आहे ते समीकरणात घातले की स्फटिकाचा व्यास मिळतो. कॅडमियम विषारी असल्यामुळे पदवीच्या वर्गात आम्ही ते बनवत नाही. पण प्रसिद्ध झालेले वर्णपट घेऊन विद्यार्थी आकार काढतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्राशी ताडून पाहतात. गुडइनफ आणि किम यांचा लिथियम बॅटरीच्या आव्हानांवरचा २०१०चा लेख तर मी शिक्षकांनाही वाचायला देते. इलेक्ट्रॉनिक पातळ्यांच्या साध्या आकृतीवरून, विद्युत-अपघटनी कोठवर टिकेल आणि कोठे फुटेल, हे त्यात इतके स्वच्छ मांडले आहे की पाठ्यपुस्तकातले प्रकरण त्यापुढे फिके वाटते.

नियतकालिकाच्या संपादकीय वृत्तीबद्दल आदर वाटावा असा आणखी एक लेख आहे. गूगल डीपमाइंडने २०२३ साली यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) बळावर २२ लाख नव्या स्फटिकरचनांचे भाकीत केल्याचे जाहीर केले, तेव्हा सगळीकडे उत्साह होता. अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनी २०२४ साली ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’मध्येच त्या यादीची शांतपणे छाननी केली आणि नवे, विश्वासार्ह व उपयुक्त या तिन्ही कसोट्यांना उतरणारे पदार्थ तीत फारसे सापडत नाहीत, असे दाखवले. मात्र संगणकीय पद्धत त्यांनी टाकाऊ ठरवली नाही. रसायनतज्ज्ञाचे ज्ञान तिच्यात मिसळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. भाकितांचे लेख वाचण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी हा लेख वाचावा, असा नियम मी घालून दिला आहे.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. माझी मोठी तक्रार अशी की, आर्द्रतेचा आकडा कितीतरी लेखांत नसतोच. ‘सामान्य वातावरणात’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते वातावरण कोरड्या थंड प्रदेशातील वातानुकूलित प्रयोगशाळेचे आहे की समुद्रकाठचे, हे वाचकाने ताडायचे. त्या एका आकड्यावाचून किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याचे आठवडेच्या आठवडे जातात. अयशस्वी प्रयत्नांची नोंदही क्वचितच दिसते. ‘मेथड्स/प्रोटोकॉल्स’ या सदरात लेखक बारीकसारीक अडचणी, काय केले तर बिघडते, कोणत्या टप्प्यावर घाई करू नये, हे मोकळेपणाने लिहितात; हे सदर मला सर्वांत प्रिय आहे, पण त्यातले लेख फार थोडे असतात. बरेच लेख सिंक्रोट्रॉनवरील (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्रावरील) मापनांवर उभे असतात. ते वाचून समजतात, परंतु महाविद्यालयात त्यांचा पडताळा घेता येत नाही. नवख्याला भाषाही जड जाते. पहिले दोन-तीन महिने आम्ही दर शनिवारी एकच लेख, तोही फक्त आकृत्या आणि कृती, असे वाचले, आणि मग गती आली.

ज्यांच्या संस्थेला ही योजना लागू नाही, आणि गोव्यात खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत शिकवणारे माझे काही सहकारी त्यात आहेत, त्यांनी केवळ या नियतकालिकासाठी स्वतःचे पैसे घालावेत असे मी म्हणणार नाही. त्यांनी सारांश आणि पुरवणी माहिती मोफत वाचावी, मुक्त प्रवेशाचे लेख निवडावेत आणि जोडीला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ पाहावे. १९७९पासूनच्या त्या अंकांत भारतीय प्रयोगशाळांत, भारतीय हवेत केलेले काम भरपूर आहे. ज्यांना प्रवेश मिळालेला आहे, त्यांनी मात्र तो वापरलाच पाहिजे. येत्या पावसाळ्यात आम्ही झिफ-८, यूआयओ-६६ आणि एचकेयूएसटी-१ एकाच शेल्फवर ठेवून दर आठवड्याला विवर्तन आणि आर्द्रता दोन्ही नोंदवणार आहोत. पुरवणीत जो रकाना रिकामा दिसतो, तो आमच्या वहीत तरी भरलेला असेल.