काळ्या चिलखतावरचा चिखल: तेलरंगाच्या वॉशचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मार्चपासून मी छोट्या प्रतिकृतींनी टेबलावर खेळायच्या वॉरहॅमर ४०,००० या खेळातील ब्लॅक टेम्प्लर्स या दलाचे २२ सैनिक एकाच पद्धतीने रंगवले आहेत, आणि त्यांपैकी पहिले दहा सैनिक साधारण दर पंधरवड्याला पटावर उतरतात. काळ्या चिलखतावरचा मळ दाखवण्यासाठी ॲक्रिलिक (पाण्याने पातळ होणाऱ्या रंगाच्या) वॉशऐवजी, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाऐवजी, तेलरंगाचा वॉश वापरावा, असा निर्णय मी तेव्हा घेतला होता. तो कितपत योग्य ठरला, हे एखाद्या सैनिकाच्या ताज्या रंगावरून नव्हे, तर नऊ महिने हाताळलेल्या सैनिकांकडे पाहूनच सांगता येईल असे मला वाटले, म्हणून हा अनुभव आज लिहितो आहे.

खेळाच्या कथेत ब्लॅक टेम्प्लर्स हे इम्पीरियल फिस्ट्स या दुसऱ्या दलामधून निघालेले दल. त्यांचा पहिला प्रमुख सिगिस्मंड याच्या काळापासून त्यांची मोहीम कधी थांबलेलीच नाही. अखंड लढाईत वावरणाऱ्या या सैनिकांचे चिलखत नुकतेच घडवून आणल्यासारखे कोरे दिसले, तर त्यांची सगळी कथाच खोटी वाटू लागते. त्यामुळे त्यांच्या अंगावरचा मळ ही मी सजावट मानत नाही. तो त्यांच्या व्यक्तिचित्राचाच भाग आहे.

अडचण काळ्या रंगातच आहे. लाल किंवा निळ्या चिलखतावर गडद तपकिरी वॉश सोडला की मळ लगेच दिसतो. काळ्यावर तोच वॉश नाहीसा होतो, कारण खालचा मूळ रंगच त्याच्याहून गडद असतो. काळ्यावरचा मळ हा नेहमी चिलखतापेक्षा उजळ असावा लागतो, ही एक गोष्ट समजायला मला पहिले चार सैनिक खर्ची घालावे लागले. दुसरे असे की चिलखत रंगवताना निव्वळ काळा रंग वापरूच नये. मी काळ्या प्रायमरवर (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थरावर) कॉर्व्हस ब्लॅक हा कोळशासारखा करडा रंग देतो आणि खरा काळा केवळ सांध्यांत व खाचांत शिल्लक ठेवतो. कडांवर एशिन ग्रे हा करडा आणि अगदी वरच्या कोपऱ्यांवर डॉनस्टोन या त्याहून फिकट करड्याचा बारीक ठिपका दिला की हाताच्या अंतरावरून चिलखत काळेच दिसते, पण त्याचा आकार हरवत नाही.

यानंतर ब्रशने ग्लॉस (चमकदार) वार्निशचा एक हात देऊन मी पूर्ण २४ तास थांबतो. ही पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु मॅट (न चमकणाऱ्या) पृष्ठभागावर तेलरंग जिथे टेकतो तिथेच मुरतो आणि सगळे चिलखत एकसारखे गढूळ होते; गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र तो घरंगळत खाचांकडे जातो आणि नको असलेला भाग पुसता येतो.

वॉशसाठी मी कॅमलच्या तेलरंगांच्या छोट्या ट्यूब वापरल्या: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा). दांडेकरांनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे हे रंग आपल्याकडे चित्रकलेचे साहित्य मिळते त्या दुकानांत सहज सापडतात, आणि या कामासाठी त्यांत मला काहीही कमी पडले नाही. २२ सैनिकांनंतरही अंबरची ट्यूब अर्धीसुद्धा संपलेली नाही. ट्यूबमधून रंग थेट भांड्यात घेऊ नये. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून तीन-चार तास ठेवला की जास्तीचे जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर सुकतो आणि चमकतही नाही. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो मुळातच लवकर सुकणारा रंग आहे, तर पांढरा फार रेंगाळतो. म्हणून मिश्रणात पांढरा मी नावापुरताच घालतो आणि उजळपणाची जबाबदारी ऑकरवर सोडतो. हे मिश्रण मिनरल टर्पेंटाइनने पातळ ताकाइतके सैल करायचे. काम खिडकी उघडी ठेवूनच करावे, आणि वापरलेल्या चिंध्या चोळामोळा करून टोपलीत टाकू नयेत, कारण तेलरंगाच्या चिंध्या सुकताना आपोआप तापतात. मी त्या पसरून वाळवतो.

या पद्धतीचा खरा लाभ म्हणजे हाताशी राहणारा वेळ. ॲक्रिलिक वॉश काही मिनिटांत आपला निर्णय करून टाकतो आणि त्याच्या सुकलेल्या कडा मागे राहतात. तेलाचा वॉश लावून अर्धा तास थांबले, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलसर केलेला चपटा ब्रश घेतला आणि मांडीच्या कवचावरून गुडघ्याकडे, नेहमी वरून खालीच ओढला, की पावसाचे पाणी वाहून गेल्यावर राहतात तसे फिकट ओघळ उरतात. गुडघ्याच्या चकतीखाली एक बारीक पिवळसर रेघ साचते, ती मी मुद्दाम पुसत नाही. एखादा ओघळ आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तो काढता येतो, आणि खालचा ॲक्रिलिक थर वार्निशमुळे सुरक्षित राहतो.

ओरखडे मात्र मी तेलरंगाच्या आधी, ॲक्रिलिकनेच काढतो. पॅकिंगच्या फोमचा तुकडा फिकट करड्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवर हलकेच टेकवायचा. मग प्रत्येक मोठ्या डागाच्या आत राइनॉक्स हाइड हा गडद तपकिरी रंग भरून खालच्या बाजूला करड्याची केसाएवढी कड शिल्लक ठेवायची. वरून येणारा प्रकाश खड्ड्याच्या खालच्या ओठावर पडतो, त्यामुळे एवढ्याशा कडेने रंग खरोखर उडाल्याचा भास होतो. डाग कुठे पडतील याचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे: बुटांची टोके, गुडघे, हाताची कोपरे, खांद्याच्या कवचाची पुढची कड आणि म्यान जिथे मांडीला घासते ती जागा. पाठीच्या मध्यभागी ओरखडे पाहिले की मला ते पटत नाहीत. गंजाबद्दलही माझे मत ठाम आहे. सेरामाइट या खेळातल्या काल्पनिक पदार्थाचे चिलखत लोखंडासारखे गंजणार नाही, म्हणून तांबूस छटा मी केवळ तलवारीच्या साखळ्यांवर आणि चेनस्वोर्डच्या (करवतीसारखी साखळी असलेल्या तलवारीच्या) दात्यांजवळ देतो.

या तांबूस छटेसाठी कुंभाराकडचा गेरू आणि वाळलेल्या धुळीसाठी मुलतानी माती, या दोन घरगुती पुडी मी कापडातून गाळून वापरल्या, आणि दोन्ही उत्तम ठरल्या. बागेतली माती आधी वापरून पाहिली होती, पण ३२ मिलिमीटरच्या गोल तळावर (चकतीवर) उभ्या असलेल्या सैनिकाच्या पायाशी तिचे कण दगडांसारखे दिसतात.

आता टिकाऊपणाविषयी. तेलाचा वॉश नऊ महिन्यांत कुठेही उडालेला नाही. बुटांवरची मुलतानी माती मात्र, केवळ टर्पेंटाइनने बसवलेली असल्यामुळे, पहिल्या दोन महिन्यांतच निम्मी गळाली. नंतरच्या सैनिकांना मी तिच्यावर पातळ मॅट वार्निशचा थेंब सोडला, तेव्हा ती थोडी गडद झाली पण टिकली. ज्या सैनिकांना डोके किंवा पाठीवरची पेटी धरून उचलले गेले, त्यांच्या त्या जागा बोटांच्या तेलकटपणाने चमकू लागल्या आहेत, आणि मॅट काळ्यावर ही चमक फार उठून दिसते. आता मी सर्वांच्या तळाखाली लोहचुंबक बसवून त्यांना पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवतो आणि खेळताना तळालाच धरतो. फोमच्या खणांत ठेवलेल्या तिघांच्या कडा खरोखरीच झिजल्या आहेत.

सर्वांत मोठे नुकसान जुलैत झाले. ठाण्यात सलग चार दिवस पाऊस चालू असताना मी पाच सैनिकांवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि काही मिनिटांत सगळ्या काळ्यावर पांढुरका धुरळा चढला. इतर रंगांवर तो कदाचित नजरेआड झाला असता. दमट हवा ओसरल्यावर ब्रशने ग्लॉस वार्निश दिले तेव्हा चौघांवरचा धुरळा गेला. पाचव्याचे चिलखत मला पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हात लावत नाही. त्या दिवसांत ब्रशने लावायचे मॅट वार्निश, तेही बाटली दोन मिनिटे नीट हलवून, वापरतो. तळाशी बसलेली मॅट पावडर न मिसळता वरवर उचलली गेली तर तीही काळ्यावर पांढरे ठसे सोडते.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. या दलाचे खांद्याचे कवच पांढरे आणि त्यावर काळा क्रॉस असतो, शिवाय अनेकांच्या अंगावर फिकट वस्त्र असते. पाहणाऱ्याची नजर मळ आधी तिथे ओळखते आणि मग शेजारच्या काळ्यावर तो शोधते. म्हणून मी आता वस्त्राची खालची किनार आणि खांद्याची कड आधी मळवतो, आणि काळ्या चिलखतावर पूर्वीच्या निम्म्याहून कमी वॉश वापरतो. सुरुवातीच्या दहा जणांच्या छातीवर मी फारच ऑकर ओतला होता. दूरवरून ते काळे न दिसता मातकट दिसतात. त्यांच्यापैकी तिघांची छाती गेल्या आठवड्यात कॉर्व्हस ब्लॅकच्या पातळ थराने पुन्हा काळी केली आहे, बाकीच्यांची पाळी यायची आहे.